तिनं त्या बाईला काय सांगितलं

आमच्या तुरीत विमान पडलं त्याला नऊ वर्षं झाली. बायकोला जाऊन दोन. ज्या बाईचा पोरगा त्या विमानात व्हता ती बाईबी ह्या उन्हाळ्यात वारली, असा लेकीला फोन आला. ती जिती असती तर मी हे लिहिलं नसतं. चौथी शिकलेला माणूस हाये, येईल तसं लिहितो.

आधी हेच सांगतो, की त्या पोरावर मी जळायचो. मेलेल्या पोरावर. आणि त्याच्या आईवर त्याहून जास्ती. लोक म्हणतील म्हातारा चळला. म्हणू द्या. बायको माझी व्हती.

हसनाबादच्या अलीकडं नाल्याच्या कडंनं आमची जमीन. तूर कापायची तर दवात कापावी लागती. ऊन चढलं की शेंग तडकती आणि दाणा मातीत जातो. म्हणून त्या दिवसांत आम्ही दोघं दिवस उगवायलाच वावरात असायचो. त्या दिवशी धुई अशी पडली व्हती, की ती माझ्या शेजारच्याच ओळीत कापत व्हती तरी दिसत न्हव्हती. नुसता तिच्या इळ्याचा आवाज यायचा. मधूनच ती खाकरायची, मंग मी खाकरायचो. बस, एवढंच आमचं बोलणं. पंचेचाळीस वर्षं संसार केल्यावर एवढंच पुरतं असं मला वाटायचं.

मंग घरघर ऐकू आली. मला वाटलं रस्त्यानं मळणीयंत्र चाललंय. पण आवाज वरून येऊन राह्यला व्हता. डोक्यावरून गेला, लांब गेला, परत आला, आणि पहिल्यापेक्षा खाली आला.

ती म्हणली, "अहो, ह्याची वाट चुकली."

"वर कुठली आली वाट?" मी म्हणलो.

"मंग फिरफिरून हितंच का येतंय?"

तिसऱ्यांदा आला तव्हा बांधावरच्या कडुलिंबाचा शेंडा कडाकडा मोडला, आणि पत्र्याचं शेड कोसळावं तसा आवाज झाला. जमीन पायाखाली हालली. त्यामागून काहीच न्हाई. टिटव्या वरडल्या, त्याबी गप झाल्या.

मी जाऊन तिचा दंड धरला. म्हणलं, "जाऊ नको. भडका उडंल. पोलिसाचं काम हाये ते."

"सोडा," ती म्हणली.

"तुला सांगून राह्यलो ना, बॉम्ब असंल त्यात."

तिनं हिसका दिला आणि धुईत गेली. मी गावाकडं पळालो. आजपर्यंत मी लोकांना सांगत आलो, की माणसं आणायला गेल्तो. माणसं आणली, ते खरं. पण खरं हेबी हाये की पेट्रोलचा वास आला आणि मी भेलो. पाय आपोआप गावाकडं वळले.

अर्ध्या तासानं दहाबारा जण घेऊन आलो. धुई जरा फाटली व्हती. लहानसं विमान, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढं. नाक मातीत रुतलेलं, एक पंख तुरीवर आडवा. आत एकच पोरगा व्हता, वीस-बावीस वर्षांचा. विमान चालवायचं शिकून राह्यला व्हता, एकटाच निघाला आणि धुईत सापडला, असं मागून कळलं. तो भाईर फेकला गेल्ता. आमची ही तिथं मातीत बसलेली. त्याचं डोकं तिच्या मांडीवर, आणि त्याच्या तोंडावर तिचा पदर. तो संपलेला व्हता.

तव्हा माझ्या मनात काय आलं? सांगायची लाज वाटती. माझ्या मनात आलं, माझं डोकं हिनं कधी मांडीवर घेतलं न्हाई. मला टायफाईड झाल्ता तव्हा पोत्याची घडी करून डोक्याखाली सारली व्हती आणि म्हशीला पाणी पाजायला निघून गेल्ती.

पोलीस आले, पंचनामा झाला. साहेबानं तिला विचारलं, "बाई, तुम्ही पोहोचलात तेव्हा जिवंत होता का? काही बोलला का?"

ती म्हणली, "न्हाई साहेब."

"काहीच नाही?"

"न्हाई म्हणलं ना."

मी पंच म्हणून सही केली. तिनं अंगठा दिला. दोन दिवस वावरात जत्रा भरली. मंठ्यापासून लोक आले, निम्मी तूर तुडवून गेले. मंग शहरातली माणसं येऊन विमानाचा तुकडा न् तुकडा गोळा करून घेऊन गेली.

पाचव्या दिवशी त्या पोराची आई आली. मोठ्या शहरातली बाई, आमच्या हिच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान. गाडीतून उतरली, चप्पल गाडीतच राह्यली, तशीच ढेकळांतून चालत आली. अख्ख्या गावाला तिनं एकच विचारलं, "माझ्या लेकराजवळ कोण होतं?"

लोकांनी बोट दाखवलं. आमच्या हिनं तिचा हात धरला, घरात नेलं आणि आतून कडी घातली.

माझ्याच घराला कडी, आणि मी भाईर वसरीवर. तासभर बसलो. आधी रडण्याचा आवाज आला, मंग हिचं बोलणं, हळू, दमानं, एकसारखं. माझ्यासंगं ही एवढं कधी बोलली न्हाई. दार उघडलं तव्हा त्या बाईचा चेहरा आत जातानाचा न्हव्हता. डोळे सुजलेले, पण उन्हातून सावलीत आल्यावानी. हिच्या गळ्यात पडली आणि म्हणली, "ताई, तुम्ही नसता तर मी मेले असते."

गाडी गेली तसं मी विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

"तिचं लेकरू शेवटचं काय बोललं ते."

"पोलिसाला तर न्हाई म्हणली व्हतीस."

"पोलिसाला काय करायचं त्याचं?"

"बरं, मला सांग."

ती चुलीपुढं बसली व्हती. मान वर न करता म्हणली, "तुमच्या तोंडाला झाकण न्हाई. उद्या पारावर सांगताल."

हे तिचं खोटं न्हव्हतं. चुलतभावाच्या तेराव्याला जेवायच्या पंगतीत मी त्याच्या बायकोला म्हणलो व्हतो, की दारू प्याला नसता तर अजून दहा वर्षं जगला असता. बराबर व्हतं माझं. पण ती बाई ताटावरून उठली, आणि आमची ही मला महिनाभर टोचत राह्यली. "खरं बोलायचा ठेका घेतलाय का तुम्ही?" म्हणायची.

पण नवऱ्याला सांगायचं न्हाई म्हंजी काय? एक मरतं पोरगं काहीतरी बोललं, ते दोन बायांना माहीत आणि मला न्हाई. माझं वावर, माझी तूर, माझी बायको. मी सात वर्षं तिला विचारत राह्यलो. गोडीनं विचारलं, रागानं विचारलं, ताट सारून विचारलं. तिनं सांगितलं न्हाई.

विमान पडलं त्या जागेला, खाटेएवढ्या, तिनं चार दगड लावले. "इथं पाभर घालायची न्हाई, पेरायचं न्हाई," म्हणली. पहिल्या वर्षी मी ते राहू दिले. दुसऱ्या वर्षी दगड फेकले आणि मुद्दाम तिथनं सोयाबीन पेरलं. आठ दिवसांनी बी उगवून आलं तव्हा ती जाऊन बसली आणि एकेक रोप उपटून काढलं. दगड परत आणून ठेवले. मी बांधावर उभं राहून बघत व्हतो.

"लेकरू मेलं तिथं बी कशाला पेरता?" एवढंच म्हणली.

मी म्हणलो, "आपलं मेलं तव्हा तू एवढं केलं न्हाईस."

आम्हाला लेकीच्या आधी एक पोरगा व्हता. सहा वर्षांचा व्हऊन तापानं गेला. ती तव्हा रडली न्हाई. महिनाभर तोंड उघडलं न्हाई, पण डोळ्यांतून टिपूस न्हाई. त्याचं नाव तिनं परत घेतलं न्हाई, मलाबी घेऊ दिलं न्हाई. आणि ह्या परक्यासाठी दरसाल त्या दिवशी रडायची. मी त्या दिवशी हेच तिला तोंडावर बोललो. ती रोपांचा मुठा हातात धरून घरी निघून गेली. असं बोलायला न्हव्हतं पाहिजे. पण जळक्या माणसाला कळत न्हाई.

ती बाई दरसाल त्या दिवशी यायची. हिची ओटी भरायची, लुगडं द्यायची. आणि ही तिला काय काय द्यायची! हुरडा पहिला तिचा. गावरान तूप तिचं. हातानं पाखडलेली तुरीची डाळ तिची. मी एकदा ज्वारीची भाकर तुपासंगं मागितली तर म्हणली, "तूप न्हाई." कपाटात किलोची बरणी भरलेली.

"ती काय हाये?" मी म्हणलो.

"ते माझ्या माहेरचं हाये."

तिच्या माहेरी कुणीच उरलं न्हव्हतं. आई-बाप गेलेले, भाऊ न्हाई, बहीण न्हाई. त्या बाईलाच तिनं माहेर करून टाकलं व्हतं. दर रविवारी फोन. फोनवर ही हसायची. हसायची म्हंजी पोरीवानी, तोंडावर हात ठेवून. मी दारात आलो की आवाज बारीक. एका रविवारी फोन माझ्या हाती लागला. बाई म्हणली, "दादा, ताई आहेत का?"

"न्हाई. गावाला गेल्यात," मी म्हणलो.

ही अंगणात भांडे घासत व्हती. तिथूनच वरडली, "कोणत्या गावाला गेले मी? एस.टी.त बसवून आलात का मला?"

फोनमधून त्या बाईचं हसणं आलं आणि अंगणातून हिचं. दोघी मलाच हसत व्हत्या. मी फोन खाटेवर टाकला आणि वावरात निघून गेलो.

दोन वर्षांखाली हिला दम लागायला लागला. जालन्याला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणला, हृदय मोठं झालंय. त्या दिवसांत मी जुन्या जालन्यात कापडाच्या गल्लीत गेलो आणि एक हिरवं लुगडं घेतलं, काठाचं, भारी. कशासाठी ते मला माहीत व्हतं. आमच्याकडं बाई अहेव, म्हंजी नवऱ्याच्या आधी, गेली तर आंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. नवऱ्याचं नेसवीत न्हाईत. पण हिला माहेर न्हाई, तर मीच नेसवीन, असं मी ठरवलं व्हतं. कमीत कमी शेवटी तरी माझं म्हणून जाईल.

तिला घरी आणलं. चौथ्या दिवशी सकाळी गेली. चहा मागितला, मी करून आणला, तोवर गेल्ती.

दहा वाजता सगळी तयारी झाली. मी लुगडं काढून दिलं. माझी थोरली बहीण हाये, ऐंशीची, तिनं ते हातात घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"हे न्हाई चालत, भाऊ. माहेरचं येतंय."

"कुठलं माहेर?"

लेक म्हणली, "बाबा, मी मावशीला फोन केला. निघाल्यात त्या. आईनं मला सांगून ठेवलं व्हतं."

बघा. हिनं लेकीला सांगितलं, त्या बाईला सांगितलं, बहिणीलाबी माहीत. सगळ्यांना सांगितलं, मला न्हाई.

बारा वाजले. एक वाजला. माणसं घड्याळ बघायला लागली. मी उठलो आणि म्हणलो, "उचला. कुणाची वाट बघायची न्हाई. तिचं माहेर मी हाये."

कुणी हाललं न्हाई. लेक उंबऱ्यात आडवी बसली. बहीण म्हणली, "गप बस. जन्मभर आपलंच चालवलं. आता तिचं एक चालू दे. मेलीवर काय जळतो रे?"

सगळ्यांपुढं म्हणली. मी खाली बसलो.

दीड वाजता त्या बाईची गाडी आली. नऊवारी लुगडं कुठं भेटंना, म्हणून वाटंत एक बंद दुकान उघडायला लावलं, त्याच्यात उशीर झाला म्हणली. आत गेली. तिनं आणि लेकीनं हिला नेसवलं. मी आणलेलं लुगडं बहिणीनं घडी मोडून वरून पांघरलं. खाली तिचं, वर माझं. मला तेबी खटकलं. आंगाला तिचं लागलं.

माती देऊन आलो. लोक पांगले. घरात चूल पेटत न्हाई त्या दिवशी, शेजाऱ्यानं पिठलं-भाकर आणून ठेवली व्हती. ऊन उतरलं व्हतं. मी वसरीवर बसलो. ती बाई पाणी घेऊन आली, तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि खालच्या पायरीवर बसली. आम्ही दोघं असे एकटे कधी बसलो न्हव्हतो.

"दादा," ती म्हणली, "तुम्हाला माझा राग येतो. ताई सांगायच्या."

"येतो," मी म्हणलो.

ती हसली थोडी. म्हणली, "पण त्या दिवशी त्यांनी मला जे दिलं, त्याच्यावर मी जगले. तुम्हाला तर माहीतच आहे, तो काय म्हणाला ते."

मला माहीत न्हव्हतं. पण मी तसं बोललो न्हाई. सात वर्षं ज्याच्यासाठी तळमळलो ते समोर आल्तं. मी म्हणलो, "तुमच्या तोंडून ऐकू द्या."

ती अंगणाकडं बघत म्हणली, "ताई म्हणाल्या, त्याने डोळे उघडले. त्यांनाच आई समजला. म्हणाला, 'आई, तू जेव. माझी वाट बघू नको. मी उठल्यावर जेवतो.' आणि झोपला. मला किती दिवस वाटायचं, तो ओरडला असेल, तडफडला असेल. तसं काही नाही झालं, दादा. त्याला माझ्या जेवणाची काळजी होती."

मी तांब्या उचलला. पाणी न पिताच परत खाली ठेवला.

आमच्या पोराला ताप भरला त्याला अडतीस वर्षं झाली. तीन दिवस ही त्याच्यापाशी बसली, घास खाल्ला न्हाई. तिसऱ्या दिवशी सांजच्याला तो म्हणला, "आये, तू जेव. माझी वाट नको बघू. मी उठल्यावर जेवीन." ती उठली, भाकर घेतली. एक घास तोंडात घातला आणि मागं वळून बघितलं. तेवढ्यात संपलं व्हतं. खोलीत तिघंच व्हतो. तो, ती, आणि मी दाराला टेकून उभा. त्या बोलण्याचं आम्ही दोघांनी आपसातसुद्धा नाव काढलं न्हाई.

पोलिसाला ती खरं बोलली व्हती. तो पोरगा बिलकुल बोलला न्हव्हता. ही त्याच्यापाशी पोचली तव्हाच तो संपलेला व्हता. त्याची आई कडी लावलेल्या घरात हिच्यापुढं बसली, माझं लेकरू काय म्हणलं म्हणून विचारत राह्यली, आणि हिच्याजवळ द्यायला दुसरं काही न्हव्हतं. हिनं आमच्या पोराचं काढून दिलं.

आणि मला सांगितलं न्हाई, कारण मी ऐकल्याबरोबर वरडलो असतो, हे तर आपल्या पोराचं हाये. पारावर वरडलो असतो. त्या बाईच्या तोंडावर वरडलो असतो. सोळा आणे बराबर वळखलं व्हतं तिनं मला.

तरी खरं सांगतो, त्या घडीला मला दया आली न्हाई. मला हेवाच वाटला. आमच्या पोराचं म्हणून जगात एवढंच एक राह्यलं व्हतं, आणि ते ही परकी बाई सात वर्षं घेऊन फिरली. ह्याच्यावर ती जेवली, झोपली, हसली. आणि आम्ही दोघं घरात तोंड मिटून बसलो. त्या बोलण्यावर हिनं त्या बाईसंगं रडून घेतलं. दरसाल. माझ्यासंगं एकदाबी न्हाई. दाराला टेकून मीबी उभा व्हतो ना? मलाबी पाहिजे व्हतं कुणीतरी.

हे सगळं माझ्या तोंडाशी आल्तं. खरं ते बोलून टाकावं, असं जिभेवर आल्तं.

ती बाई म्हणली, "दादा, एक विचारू? ताईंना विचारलं की त्या रडायच्या, म्हणून राहून गेलं. तुम्हीपण होतात ना तिथे? त्याचा आवाज कसा होता? म्हणजे, दुखत होतं का त्याला?"

मी तिच्याकडं बघितलं. चप्पल न घालता ढेकळांतून आल्ती तसंच तोंड झाल्तं तिचं.

मी म्हणलो, "व्हय. मी व्हतो."

"ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं. बारीक आवाज व्हता. पण साफ. एकेक शब्द सुटा."

"कण्हत होता?"

"न्हाई. झोपंत बोलतं ना लेकरू, तसं. आंग जरा गरम व्हतं. कपाळाला घाम व्हता. केस ओले व्हऊन चिकटले व्हते कपाळाला."

तिनं तोंडात पदर धरला. मी थांबलो न्हाई. कुणी मला हे कधी विचारलं न्हव्हतं. मी म्हणलो, "एक हात तिच्या लुगड्याला धरलेला व्हता. मुठीत. मागून एकेक बोट सोडवावं लागलं."

"कोणी सोडवलं?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हणलो.